गाडी तापली की बंद पडते : कार्बोरेटर उघडण्याआधी काय काय बघायचं?

जुळे_सोलापूर

नमस्कार मंडळी. बाबांची २०१३ ची स्प्लेंडर आहे, कार्बोरेटरवाली. आता मी वापरतोय, रोज मोहोळला जाऊन-येऊन. सकाळी एका किकमध्ये चालू होते. शहरात सात रस्ता, नवी पेठ, कुठंही फिरवा, तक्रार नाही. पण दुपारी पुणे रोडला लागलं आणि बाळे मागं टाकून काही किलोमीटर गेलं की पिकअप उतरत जातो. रेस वाढवली तर आणखी घुटमळते आणि पेट्रोल संपल्यागत लंगडत बंद पडते. टाकी निम्मी भरलेली असते. थोडा वेळ सावलीला थांबलं की चालू होते, आणि पुढं गेलं की परत तेच.

गॅरेजमध्ये कार्बोरेटर खोलून साफ करून घेतला, प्लग नवा टाकला. फरक शून्य. आता सांगतायत की अख्खा कार्बोरेटरच बदला. ऊन बेचाळीसच्या वर आहे म्हणून कुणी म्हणतं पेट्रोलची वाफ होते, कुणी म्हणतं इथेनॉलमुळं. गाडी बाबांची आहे, विकायची नाही. नेमका दोष कसा शोधायचा ते सांगा.

पार्क_चौक

कार्बोरेटर बदलून टाक भावा, दहा वर्षांवरची गाडी आहे. किती दिवस साफ करत बसणार?

लष्कर_बाइकर

एअर फिल्टर बघितला का? आपल्याकडं धूळ लई आहे. माझ्या गाडीचा फिल्टर मातीनं भरला होता, गाडी काळा धूर टाकत होती आणि एव्हरेज पार पडलं होतं.

जुना_मिस्त्री

एअर फिल्टर बघायलाच पाहिजे, पण तो चोंदला तर गाडी पहिल्या किलोमीटरपासून जड चालते. थांबल्यावर सुधारत नाही. इथं ती थांबल्यावर सुधारते, आणि सगळी खूण त्यातच आहे.

बाळा, कार्बोरेटर विकत घेऊ नकोस. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकात, कचरा असता तर सावलीला उभं राहून तो गेला नसता. थांबल्यावर सुधारणा होते याचा अर्थ कुठंतरी पेट्रोल हळू येतंय आणि थांबल्यावर त्याला भरायला वेळ मिळतोय. नाहीतर एखादी कॉइल तापून दगा देतेय. आधी या दोहोंतलं कोणतं, ते ठरवायचं. पाना हातात घ्यायचा तो नंतर.

पेट्रोलचा रस्ता डोळ्यांपुढं आण. टाकी, टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक, कॉक आणि त्याच्या आतली जाळी, रबरी पाइप, पाइपात फिल्टर लावला असेल तर तो, मग कार्बोरेटरची नीडल, मग बाउल, म्हणजे कार्बोरेटरच्या खालची पेट्रोलची वाटी. जेट त्याच्याही पुढं. गॅरेजमध्ये बहुतेक वेळा सुरुवात शेवटच्या टोकापासून होते, कारण कार्बोरेटर साफ केला की काम केल्यासारखं दिसतं. पेट्रोल ज्या वाटेनं येतं त्याच वाटेनं आपणही यायचं.

बाउलमध्ये फ्लोट असतो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकचं जे काम, तेच त्याचं. पातळी चढली की नीडल वर दाबून वाट बंद करतो, उतरली की उघडतो. बाउलमध्ये पेट्रोल मावतं अगदी थोडं. वरून येणारी धार इंजिनाच्या ओढीपेक्षा बारीक असेल तर शहरात ते कळतच नाही, कारण तिथं रेस कमी आणि सिग्नलला बाउल भरून निघतो. हायवेला सलग रेस राहिली की बाउलची पातळी उतरत जाते आणि गाडी लंगडते. तुझं वर्णन याला जुळतंय.

आता चाचणी. ती घरी करून उपयोग नाही, गाडी बंद पडेल तिथंच आणि त्याच क्षणी करायची. रस्त्यापासून आत उभी कर, किल्ली बंद कर. बाउलच्या बुडाला एक छोटा ड्रेन स्क्रू असतो, त्याला नळी असते. नळीचं टोक एका छोट्या बाटलीत घाल, कारण खाली सायलेन्सर तापलेला असतो आणि त्यावर पेट्रोल सांडता कामा नये. कॉक चालू ठेवूनच स्क्रू सैल कर.

पेट्रोल आलंच नाही किंवा नुसते थेंब आले, तर अडथळा वरच्या अंगाला आहे. तसाच हात न काढता टाकीचं झाकण उघड. उघडताना आत हवा ओढल्याचा आवाज आला आणि लगेच नळीतून धार सुरू झाली, तर झाकणातलं भोक बुजलंय. झाकण उघडूनही धार येत नसेल तर कॉकची जाळी, पाइप, फिल्टर, नीडल असं खाली खाली ये.

पेट्रोल भरभरून आलं आणि येतच राहिलं, तर पुरवठा ठीक आहे. मग ड्रेन स्क्रू घट्ट करून, बाटली लांब ठेवून, सांडलेलं सगळं वाळल्यावरच प्लगचा स्पार्क बघायचा. पल्सर कॉइल (स्पार्कची वेळ सांगणारी) किंवा इग्निशन कॉइल (स्पार्क देणारी) तापली की जाते आणि निवली की परत येते. लक्षण वरून तेच दिसतं. फरक इतकाच की स्पार्क गेला तर गाडी बहुतेक वेळा एकदम बंद होते, पेट्रोल कमी पडलं तर आधी लंगडते.

पार्क_चौक

मिस्त्री, झाकणाचं भोक बुजलं तर सकाळी का त्रास होत नाही? भोक तर सकाळीही बुजलेलंच असणार.

जुना_मिस्त्री

बरोबर प्रश्न. टाकीतून जेवढं पेट्रोल खाली गेलं तेवढी हवा वरून आत यायला पाहिजे. ती आली नाही तर टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल खाली उतरेनासं होतं. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत तेवढी ओढ तयार व्हायच्या आधीच गाडी थांबते आणि फटीतून हळूहळू हवा भरून निघते. लांब पल्ल्यात ती भरून निघत नाही. ऊन-सावलीशी याचा संबंध कमीच आहे, सलग किती चाललात त्याच्याशी जास्त.

टाकी काठोकाठ भरलेली असताना हा दोष लवकर दिसतो, कारण वर हवेला जागाच कमी असते.

केगावकर

वाफेबद्दल थोडं सांगतो. आम्ही कॉलेजात इंजिनच्या प्रयोगशाळेत यावर काम केलंय. उन्हात थांबलेल्या गाडीत इंजिनाची धग कार्बोरेटरला चढते आणि बाउलमधलं पेट्रोल उकळायला लागतं. पण याचं लक्षण वेगळं असतं. गाडी चालताना नीट, पंपावर नाहीतर चहाला थांबलात की दहा मिनिटांनी चालू होत नाही. वाफ आणि जादा पेट्रोल इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनाकडं जाणाऱ्या वाटेत, साचलेलं असतं, मिश्रण घट्ट झालेलं असतं. तेव्हा चोक अजिबात ओढायचा नाही, तो हवा अडवून मिश्रण आणखी घट्ट करतो. रेस निम्मी उघडी धरून किक मारायची, म्हणजे जादा हवा आत जाते.

कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मध्ये एक जाड काळा ठोकळा असतो, इन्सुलेटर म्हणतात. धग अडवायला तोच असतो. काही ठिकाणी गाडी खोलल्यावर तो तडकलेला तसाच बसवतात, किंवा त्याची ओ-रिंग टाकत नाहीत. मग धगही चढते आणि फटीतून हवाही ओढली जाते.

जुळे_सोलापूर

मिस्त्री काका, आज चाचणी केली. मोहोळच्या अलीकडं गाडी लंगडायला लागली तसा आत घेतली. ड्रेन स्क्रू सैल केला तर दोन-चार थेंब. झाकणाला किल्ली लावली, फिरवताना सूं करून आवाज आला आणि बाटलीत धार सुरू झाली. स्क्रू आवळून झाकण नुसतं टेकवून किक मारली, चालू!

घरी येऊन झाकण उघडून बघितलं. आतलं बारीक भोक लाल गंज आणि मातीनं बंद होतं. साफ करून हवा मारली. आता तेच अंतर भर दुपारी न थांबता जातेय. माझे कार्बोरेटरचे पैसे वाचले, तुमचे आभार कसे मानू.

पण आणखी एक आहे. स्लोला गाडी नीट उभी राहत नाही, सिग्नलला रेस धरून ठेवावी लागते. आणि उतारावर रेस सोडली की सायलेन्सरमध्ये फटफट आवाज येतो. प्लग काढून बघितला, टोक पांढरं आहे.

जुना_मिस्त्री

छान. आता हे दुसरं खरंच कार्बोरेटरकडचं असू शकतं. प्लगचं टोक बिस्किटाच्या रंगाचं असावं. काळं आणि कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. काळं आणि ओलं तेलकट म्हणजे इंजिन ऑइल वर येतंय, त्याचा कार्बोरेटरशी संबंध नाही. पांढरं म्हणजे पेट्रोल कमी किंवा हवा जास्त. पण प्लग नवा टाकलाय म्हणालास, तो थोडा चालला की मगच रंगावर विश्वास ठेवायचा. फटफट आणि स्लोचा त्रास मात्र त्याच बाजूला बोट दाखवतोय.

कार्बोरेटरमध्ये कोण कधी काम करतं हे कळलं की निम्मा शोध तिथंच लागतो. रेस बंद ते पाव उघडी, इथं स्लो जेट आणि त्याच्या स्क्रूचं राज्य. पाव ते पाऊण, इथं कार्बोरेटरच्या पिस्टनला (रेसबरोबर वर-खाली होतो तो, इंजिनाचा नव्हे) लटकणारी सुई. पाऊण ते पूर्ण, तिथं मेन जेट. तुझा त्रास स्लोला आणि रेस सोडल्यावर आहे, म्हणजे मेन जेटला हात लावायचं कारणच नाही. लोक मोठं मेन जेट टाकून बसतात आणि गाडी स्लोला तशीच राहते.

स्क्रू फिरवण्याआधी फट शोध. इंजिन स्लोला चालू ठेवून कार्बोरेटर आणि इंजिनामधल्या जोडावर पिचकारीनं साबणाचं पाणी मार. आवाज बदलला, स्लो क्षणभर सुधारला, तर तिथून हवा ओढली जातेय. काही जण इथं पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारतात. तापलेल्या इंजिनावर ते मारू नका, कुणीही.

फट नसेल तर मिक्स्चर स्क्रू, म्हणजे वर सांगितलेला स्लो जेटबरोबरचा. तो हलक्या हातानं पूर्ण आत नेऊन किती वेढे लागतात ते मोजून लिहून ठेव, म्हणजे परत मूळ जागी आणता येईल. जोरानं आवळलास तर टोक आणि बैठक दोन्ही खराब होतील. बहुतेक छोट्या गाड्यांत जागा दीड ते अडीच वेढ्यांच्या दरम्यान असते. इंजिन पूर्ण गरम असताना पाव-पाव वेढा फिरवत जा, स्लो सगळ्यात वर आणि स्थिर जिथं होईल ती जागा. मग वेगळा स्लोचा स्क्रू आहे त्यानं स्लो खाली आण.

आणि एक नीट वाच. मिक्स्चर स्क्रू कार्बोरेटरच्या पिस्टनच्या एअर फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा. बाहेर काढला की मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी. इंजिनाकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा. बाहेर काढला की घट्ट. दोन्ही दिसायला सारखेच. हे न बघता फिरवणाऱ्यांनी किती गाड्या बिघडवल्यात.

लष्कर_बाइकर

मिस्त्री, गॅरेजवाले जेटमध्ये तार घालून साफ करतात, ते बरोबर का?

जुना_मिस्त्री

नाही, नाही आणि नाही. जेट पितळेचं, मऊ. स्लो जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. क्लचच्या केबलची तार त्यात फिरवली की भोक मोठं होतं, अंडाकृती होतं. मग गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते आणि कुणालाच कारण सापडत नाही. कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारा, उजेडाकडं धरून भोक गोल दिसतंय का बघा. लई चिकट असेल तर नायलॉनचा मासेमारीचा दोरा चालतो. तरी निघेना तर नवं जेट घाला, ते फार महाग नसतं.

क्लीनर मारण्याआधी रबराचं सगळं बाहेर काढायचं. फ्लोटची नीडल, ओ-रिंगा, बाउलचं गॅस्केट. ज्या कार्बोरेटरला वर डायफ्राम असतो, त्याचा डायफ्राम तर आधी. क्लीनरनं तो फुगून सुरकुततो आणि परत बसत नाही.

केगावकर

इथेनॉलचा मुद्दा वर आलाय, तो अर्धवट सोडू नये असं वाटतं.

जून २०२२ पर्यंत देशात पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के इथेनॉलचं मिश्रण गाठलं गेलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्क्यांचं पेट्रोल विक्रीला आलं आणि आता पंपावर सर्रास तेच मिळतं. नव्या गाड्यांचे रबर-धातूचे भाग एप्रिल २०२३ पासून या पेट्रोलला टिकतील असे आले, आणि इंजिनाचं ट्यूनिंग त्यासाठी एप्रिल २०२५ पासून. या धाग्यातल्या गाड्या त्याच्या कितीतरी आधीच्या.

साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला वजनानं १ भागाला १४.७ भाग हवा लागते. शुद्ध इथेनॉलला ९ भाग पुरते. २० टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा. कार्बोरेटर मात्र पेट्रोलच्याच हिशेबानं हवा देत राहतो, त्याला बदल कळत नाही. १ एप्रिल २०२० च्या बीएस ६ या प्रदूषण नियमांनंतर बहुतेक मोटारसायकली इंजेक्शनच्या झाल्या, म्हणजे कार्बोरेटर जाऊन पेट्रोल मोजून फवारणारी यंत्रणा आली. त्यांत सायलेन्सरजवळ ऑक्सिजन सेन्सर असतो, तो मिश्रण बऱ्याच अंशी जुळवून घेतो. जुन्या गाडीत ते आपल्याला स्क्रूनं करावं लागतं. म्हणून जुळे_सोलापूरला पांढरा प्लग आणि फटफट दिसणं मला स्वाभाविक वाटतं.

एव्हरेजचंही सांगतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात शून्य टक्के इथेनॉलसाठी बनवलेल्या आणि १० टक्क्याला जुळवलेल्या दुचाक्यांत २० टक्के मिश्रणानं ३ ते ४ टक्के घट धरली आहे. म्हणजे साठ देणारी गाडी अठ्ठावन्नच्या आसपास देईल. कुणाची साठवरून चाळीसवर आली असेल तर कारण दुसरं शोधा.

सांगोला_शिवार

आमचा ऊस कारखान्याला जातो, त्याचंच इथेनॉल होऊन पंपावर येतं, म्हणून मी त्याला वाईट म्हणणार नाही. जिल्ह्यात एवढे कारखाने, एवढ्या लोकांचं पोट त्यावर. पण मिस्त्री काका, माझा फवारणीचा पाठीवरचा टू-स्ट्रोक पंप हंगाम संपल्यावर ठेवला की पुढच्या बहाराला चालूच होत नाही. डाळिंबावर फवारणी एक दिवस लांबली तरी तेल्या रोग पसरतो. दर हंगामाला दुकानात न्यावा लागतो. याच्या कार्बोरेटरला खाली बाउल पण दिसत नाही.

जुना_मिस्त्री

शिवारदादा, त्याला बाउल नसतोच. पाठीवरचा पंप वाकडा-तिकडा होतो, म्हणून त्यात फ्लोटच्या जागी डायफ्राम असतो. एका बाजूचा पातळ पडदा इंजिनाच्या धडधडीवर पेट्रोल ओढतो, दुसऱ्या बाजूचा बारीक नीडल उघडतो. हे पडदे कडक झाले की संपलं. काढून बोटानं दाबून बघा, कापडासारखे मऊ पाहिजेत. कागदासारखे कडकड वाजले तर साफ करण्यात वेळ घालवू नका, किट बदला.

त्याआधी दोन सोप्या गोष्टी. टाकीत पाइपच्या टोकाला वजनदार छोटा फिल्टर लोंबत असतो, तो तारेच्या आकड्यानं बाहेर ओढून बघा. आणि प्राइमरचा रबरी फुगा दाबल्यावर पेट्रोलनं भरतो का बघा. भरत नसेल तर पाइपला चीर आहे किंवा फिल्टर गच्च आहे.

केगावकर

शिवारदादांसाठी इथेनॉलचा खरा धोका इथं आहे. इथेनॉल पाणी धरतं. थोडं पाणी असेल तर ते पेट्रोलमध्ये मिसळून जळून जातं. मर्यादा ओलांडली की मात्र इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात. टू-स्ट्रोकचं ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं, खालच्या थरात जात नाही. पाइप ओढतो तळातून. म्हणजे इंजिनाला वंगणच मिळत नाही आणि पिस्टन घासून धरतो.

तेव्हा जुनं पेट्रोल वापरण्याआधी स्वच्छ काचेच्या बाटलीत काढून थोडा वेळ स्थिर ठेवा. खाली वेगळा थर किंवा ढगाळपणा दिसला तर ते इंजिनात घालू नका. वास टर्पेंटाइनसारखा झाला असेल तरी नको.

जुना_मिस्त्री

आणि हंगाम संपला की टाकी पूर्ण रिकामी करायची, मग इंजिन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. नुसती टाकी ओतून ठेवली तर कार्बोरेटरमध्ये उरलेलं पेट्रोल वाळून डिंकासारखं चिकटतं. ऑइल मिसळलेलं पेट्रोल महिन्याच्या आत संपेल एवढंच बनवा. प्रमाण पंपावरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. १:५० असेल तर लिटरला २० मिली, १:२५ असेल तर ४० मिली. अंदाजानं झाकणं मोजू नका.

नवी_पेठ_दुकान

आमच्या दुकानातला छोटा पेट्रोल जनरेटर चालू होतो, पण आवाज एकसारखा वर-खाली, वर-खाली होत राहतो. दिवे पण तसेच मिणमिणतात. पंखा लावला की थोडा बरा चालतो. इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर गेलाय म्हणतात. तसंच आहे का?

जुना_मिस्त्री

गव्हर्नर बहुतेक वेळा आपलं काम इमानानं करत असतो. मिश्रण पातळ झालं की इंजिन मंदावतं, गव्हर्नर रेस उघडतो, मग ते उसळतं, गव्हर्नर बंद करतो. तेच चक्र चालू राहतं. पडताळा सोपा आहे. चालू असताना चोक अर्धा ओढा. आवाज एकसारखा झाला तर पेट्रोल कमी पडतंय हे पक्कं. लोड टाकल्यावर बरा चालतो यावरूनही स्लो जेटच बुजलंय असं दिसतंय, कारण लोडला मेन जेट मदतीला येतं. या इंजिनांत स्लो जेट बहुधा वरच्या बाजूला, स्लोच्या स्क्रूखाली छोट्या प्लॅस्टिकच्या तुकड्यात असतं. लोक बाउल उघडून मेन जेट साफ करतात आणि याला हातच लावत नाहीत. गव्हर्नरची स्प्रिंग मात्र ओढू-वाकवू नका, नाहीतर व्होल्टेज चढून दिवे जातील.

आणि जनरेटर दुकानाच्या आत, शटर अर्धं ओढून चालवत असाल तर आजपासून बंद करा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाला कळायच्या आत शुद्ध जाते.

नवी_पेठ_दुकान

चोक ओढल्यावर एकदम एकसारखा चालला. उद्या जेट काढतो. बोळात ठेवून चालवू.

आसरा_चौक

काका, माझ्या जुन्या स्कूटरचा वेगळाच प्रकार आहे. रात्री लावली की सकाळी पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास येतो. परवा ऑइल बघितलं तर पट्टीवर खुणेच्या वर गेलंय. मी तर ऑइल घातलेलं नाही. चालू केली की भसाभस काळा धूर. चालवू का गॅरेजपर्यंत?

जुना_मिस्त्री

ताई, चालवू नका. ढकलत न्या किंवा मिस्त्रीला घरी बोलवा. ऑइलमध्ये पेट्रोल उतरलंय. पातळ झालेल्या ऑइलवर चालवली तर बेअरिंग आणि कॅम घासतील, मग खर्च फार वाढेल. पट्टीचा वास घ्या, पेट्रोलचा येईल.

दोन ठिकाणं बघायला सांगा. एक, फ्लोटची नीडल. तिच्या रबरी टोकावर गोल चर पडला की वाट पूर्ण बंद होत नाही. दोन, तुमच्या स्कूटरला हातानं फिरवायचा कॉक नसेल तर इंजिनाच्या ओढीवर उघडणारा कॉक आहे. त्याच्यातला पडदा फाटला तर पेट्रोल थेट त्या बारीक नळीतून इंजिनात जातं. ती नळी कॉककडून काढून बघायची, आत पेट्रोलचा ओलावा दिसला तर पडदा फाटलाय. दुरुस्तीनंतर ऑइल बदलायचंच. आणि तोवर पार्किंगमध्ये काडी, अगरबत्ती, काही पेटवू देऊ नका. वाफ जड असते, जमिनीलगत साचते.

आसरा_चौक

नळी ओली निघाली. कॉकच होता. गॅरेजवाल्या दादांनी ऑइल काढलं तर पाण्यासारखं पातळ होतं. कॉक आणि ऑइल दोन्ही बदललं, धूर बंद. तुम्ही थांबवलंत म्हणून बरं झालं.

पार्क_चौक

टाकी रिकामी करायला आम्ही नळी तोंडानं ओढतो. सगळे तेच करतात.

जुना_मिस्त्री

सगळे करतात म्हणूनच सांगतो, करू नका. एक घोट फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया होतो, दवाखान्यात भरती व्हावं लागतं. कॉकचा पाइप काढून डब्यात सोडा, नाहीतर हातानं दाबायचा छोटा सायफन पंप दुकानात मिळतो.

जुळे_सोलापूर

साबणाच्या पाण्यानं फट सापडली नाही. स्क्रू फिल्टरच्या बाजूचा, म्हणजे हवेचा निघाला. पाऊण वेढा आत घेतल्यावर स्लो स्थिर झाला, फटफट जवळजवळ गेली. कॉक पण उतरवला, जाळीत लाल गंज होता, धुवून नवी ओ-रिंग टाकली. टाकीतून आणखी गंज येऊ नये म्हणून पाइपमध्ये फिल्टर लावू का?

जुना_मिस्त्री

लाव, पण छोट्या मोटारसायकलचा, वरून आपोआप उतरणाऱ्या पेट्रोलसाठीचा. पंपानं पेट्रोल ढकलणाऱ्या कारचा बारीक फिल्टर लावलास तर धार कमी होऊन तुझी पहिलीच तक्रार परत येईल. पाइपला खाली झोळ पडू देऊ नकोस आणि सिलिंडरच्या पंखांपासून लांब ठेव. रबरी पाइप कडक झाला असेल तर इथेनॉलला चालणारा घे.

सांगोला_शिवार

काका, पडदे काढले, अगदी कागदागत कडक. किट मागवलंय. बसवताना काय बघू?

जुना_मिस्त्री

जुने पडदे टाकू नका, किट आलं की भोकं जुळवून बघा, एकसारखे दिसणारे बरेच प्रकार असतात. खोलतानाचे मोबाइलवर फोटो असतील ते समोर ठेवा. पडदा आणि गॅस्केट यांचा क्रम दोन्ही बाजूंना सारखा नसतो, उलटा बसला तर पंप पेट्रोल ओढणारच नाही. नीडलच्या खालची बारीक स्प्रिंग उडून जाते, म्हणून खाली पांढरं फडकं अंथरून काम करा. नीडलची छोटी दांडी किती उंचीवर आहे ते आधी बघून घ्या, नवी बसवल्यावर तेवढीच ठेवा. बसवून झालं की ताजं पेट्रोल, प्राइमर भरेपर्यंत दाबा, चोक ओढून दोरी ओढा. पहिला भडका ऐकू आला की चोक सोडून परत ओढायची.